काका, तुम्ही नेमकं काय बनवत होता?

२०२१च्या ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन आला. वय ५७, न्यू जर्सीत पंचवीसेक वर्षं काढलेली, नागरिकत्वही मिळालेलं. एका मोठ्या कंपनीच्या पेरोल विभागात होते. कुणाचा पगार किती, कर किती कापायचा, सुट्ट्यांचा हिशेब, हे सगळं बघायचे. तो अख्खा विभाग कंपनीनं फिलिपीन्समध्ये, मनिलाला हलवला होता.

"अगं, ऑफिसात कुणीतरी म्हणालं, काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गेली तर इथलं सरकार नवीन शिक्षणाचा खर्च देतं, वर भत्ता देतं. मी बसतो का त्यात?"

मी विचारलं, "तुम्हाला कळलं कधी, काका?"

"मे महिन्यात पत्र आलं. जूनभर तिकडच्या पोरांना केटी दिली, म्हणजे आपलं सगळं काम शिकवलं. जुलैच्या शेवटी बॅज जमा केला."

"आणि अर्ज?"

"कसला अर्ज?"

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. काका बसत होते, आणि अगदी व्यवस्थित बसत होते, पण फक्त ३० जूनपर्यंत. त्या तारखेनंतर त्याच माणसाचं उत्तर 'नाही' असं झालं होतं. काम तेच होतं, कंपनी तीच होती, मनिलाही तेच. असं का झालं हे समजावून सांगायचं तर साठ वर्षांचा एक कायदा उलगडावा लागतो. तो अमेरिकेत आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही आणि पुण्यात तर नाहीच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

या योजनेचं नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. सगळे टीएए म्हणतात. १९६२ साली केनेडींच्या काळात व्यापार कायद्यात ती आली. त्यामागचा विचार सरळ होता. परदेशी मालावरची जकात कमी केली की देशाचा एकूण फायदा होतो, वस्तू स्वस्त होतात, निर्यात वाढते. पण त्या फायद्याची किंमत काही ठरावीक गावांतली ठरावीक माणसं मोजतात. बुटांचा कारखाना बंद पडतो आणि त्या गावात दुसरं कामच नसतं. मग सगळ्यांच्या फायद्यातून त्या माणसांना काहीतरी द्यायला हवं. मला हा विचार आजही रास्त वाटतो. व्यापार वाढवण्याचा निर्णय देश घेतो, तर त्याचा फटका एकट्यादुकट्यानं का सोसायचा?

कागदावर रास्त असलेली ही गोष्ट प्रत्यक्षात मात्र हाताला लागेना. १९६२च्या अटी इतक्या कडक होत्या की पहिली काही वर्षं एकाही गटाला मंजुरी मिळाली नाही. त्यासाठी १९६९ उजाडावं लागलं. १९७४च्या व्यापार कायद्यानं अटी सैल केल्या, आणि आज टीएए म्हणून जे काही ओळखलं जातं त्याचा सांगाडा त्याच कायद्यातला. त्यात एक शब्द होता, आणि पुढची पस्तीस वर्षं सगळं त्या एका शब्दावर अडलं. तो शब्द म्हणजे 'आर्टिकल', आपल्या भाषेत वस्तू. तुमच्या कंपनीनं एखादी वस्तू बनवलेली असली पाहिजे आणि त्या वस्तूला आयात मालानं मागे रेटलेलं असलं पाहिजे.

आता पेरोलवाल्या काकांनी काय बनवलं? बँकेच्या फोनवर बसून खातेदारांच्या तक्रारी सोडवणाऱ्या बाईनं काय बनवलं? हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करणाऱ्यानं? कायद्याच्या नजरेत काहीच नाही. १९७४ साली हे फारसं खटकलंही नसेल, कारण फोनवरचं काम समुद्रापलीकडे पाठवता येईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बरं, सेवा देणारी माणसं पूर्णच बाहेर होती असंही नाही, आणि यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. समजा, बुटांच्या कारखान्यात एक हिशेबनीस आहे. आयात बुटांमुळे कारखाना बंद पडला तर कारागिरांबरोबर हिशेबनीसही पात्र, कारण तो वस्तूच्या उत्पादनाला हातभार लावत होता. पण कारखाना झोकात चालू आहे आणि फक्त हिशेबाचं काम बंगळुरूला गेलं, तर तोच हिशेबनीस अपात्र. पहिल्या वेळी त्याची नोकरी दुसऱ्याच्या नोकरीमागोमाग गेली. दुसऱ्या वेळी ती थेट परदेशी गेली, आणि तेव्हाच मदत नाही.

सॉफ्टवेअर आलं तेव्हा हा गुंता आणखी वाढला. सॉफ्टवेअर वस्तू आहे की सेवा? अमेरिकेच्या कामगार खात्याची भूमिका अशी होती की ते सीडीवर घालून, खोक्यात भरून विकलं तर वस्तू, आणि तेच तारेतून पाठवलं तर वस्तू नाही. याला आधार म्हणजे जकातीचं दरपत्रक. तारेतून जाणाऱ्या संदेशांवर जकात लागत नाही, म्हणजे त्यांना माल धरत नाहीत. जकात अधिकाऱ्याच्या टेबलावर हे ठीक आहे. पण ज्याची नोकरी गेली त्याला सीडी आणि केबल यांत काय फरक पडतो?

हा वाद न्यू यॉर्कमधल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेला. टीएए नाकारली गेलेल्यांना तिथे दाद मागता येई. कनेटिकट राज्यातल्या ईस्ट हार्टफर्डला कम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनचे कर्मचारी होते. वित्तीय क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर लिहायचे, आणि ते काम भारतात आलं होतं. दुसरं प्रकरण विस्कॉन्सिनच्या डॉजव्हिलचं. तिथे लँड्स एंड या कपड्यांच्या कंपनीत काही माणसं भरतकामाची डिझाइनं संगणकात उतरवायची. कुठल्याशा कंपनीचं बोधचिन्ह शर्टाच्या खिशावर उमटवायचं असेल, तर शिलाई यंत्राची सुई कुठून कुठे जाणार हे सांगणारी फाइल ती बनवायची. शर्ट ही वस्तू आणि धागा ही वस्तू. मग सुईला वाट दाखवणारी फाइल कोण?

न्यायालयानं ही प्रकरणं पुन्हा पुन्हा खात्याकडे परत धाडली. शेवटी २००६ साली खात्यानं आपलं धोरण बदललं. जे सॉफ्टवेअर किंवा डिझाइन एखाद्या भौतिक माध्यमात घातल्यावर वस्तू ठरलं असतं, ते कुठल्याही मार्गानं पाठवलं तरी वस्तूच धरायचं. हाताला न लागणारीही वस्तू असू शकते, हे मान्य झालं. दोन्ही ठिकाणची माणसं पात्र ठरली. मूठभर बेकार माणसांनी सरकारशी भांडून एका शब्दाचा अर्थ रुंद करून घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी फोनवाली बाई बाहेरच राहिली. पेरोलवालाही. सॉफ्टवेअर लिहिणारा आत आला, पण तेच सॉफ्टवेअर चालू ठेवणारा, रात्री सर्व्हर पडला की उठणारा सपोर्टवाला बाहेर. त्यांच्यासाठी न्यायालयाच्या हातात काही नव्हतं. तिथे कायदाच बदलायला हवा होता.

तो बदलला २००९ साली. मंदीतून सावरायला ओबामांनी फेब्रुवारीत जो मोठा कायदा केला, त्यातच टीएएची दुरुस्ती होती. १८ मेपासून ती लागू झाली. 'वस्तू'च्या जोडीला 'किंवा सेवा' हे शब्द आले आणि सेवाक्षेत्रातल्या माणसांसाठी दार उघडलं. आणखी एक बदल झाला, आणि आपल्या दृष्टीनं तो तितकाच मोठा. २००२च्या नियमांत कंपनीनं उत्पादन मेक्सिकोसारख्या, व्यापार करार असलेल्या देशात हलवलं तर तेवढं पुरायचं. भारतात किंवा चीनमध्ये हलवलं तर ते पुरेसं नसे, आयात वाढली किंवा वाढणार हे वेगळं दाखवावं लागे. २००९नं ही देशांची यादीच काढून टाकली. काम कुठल्याही परक्या देशात गेलं तरी चालेल.

इथे मला माझी एक आठवण सांगायलाच हवी. २०१०च्या शरदात मी हिंजवडीत होते. एका अमेरिकी कंपनीचं विम्याच्या दाव्यांचं काम आमच्याकडे येत होतं आणि मी केटी घेणाऱ्या चमूत होते. पलीकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या. सहा आठवडे रोज संध्याकाळी साडेसहाला कॉल असायचा. कुठल्या दाव्यात कुठला कागद नसला की संशय घ्यायचा, कुठल्या डॉक्टरांची सही वाचता येत नाही, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या शहराच्या नावाचं स्पेलिंग सांगशील?" आमच्या मॅनेजरनं डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नकोस. मी तरी सांगितलं. पी, यू, एन, ई. पलीकडे पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. त्या एकेक अक्षर परत म्हणत लिहीत होत्या. त्यांना ते कशाला हवं होतं हे मला थेट अकरा वर्षांनी कळलं, काकांसाठी त्या अर्जाचा फॉर्म वाचताना.

तर पात्रता म्हणजे नेमकं काय, ते बघू. नवे अर्ज २०२२पासून बंद आहेत, पण योजना चालू असल्यासारखंच सांगते. या दाराला दोन कुलपं आहेत. पहिलं उघडतं गटासाठी, दुसरं प्रत्येकासाठी वेगळं. आपली माणसं बहुतेक पहिल्यापाशीच अडकतात, कारण त्यांना वाटतं की बेकारी भत्त्यासारखाच हाही आपापला अर्ज असेल. तसं नाही. आधी त्या ऑफिसातल्या त्या विभागाचा गट 'व्यापारामुळे बाधित' म्हणून कामगार खात्याकडून मंजूर व्हावा लागतो. त्यासाठी कुणीतरी अर्ज करायचा असतो. तो कंपनी करू शकते, युनियन करू शकते, राज्याचं रोजगार खातं करू शकतं, आणि यातलं कुणीच करत नसेल तर वर्षानुवर्षं तीन कामगारांच्या सह्या पुरत. वकील लागत नाही, फी नाही. पेरोलवाल्या ऑफिसात युनियन नसते आणि कंपनीला उत्साह नसतो. मग राहतात ती तीन माणसं, आणि तिघांपैकी एकालाही हे ठाऊक नसतं. कारखान्यातल्या माणसाला युनियननं सांगितलेलं असायचं. आपल्या क्युबिकलमधल्या माणसाला कोण सांगणार?

अर्ज आला की खातं तपास करतं, आणि कायद्यानं त्याला ४० दिवस दिलेले आहेत. आधी बघतात, पुरेशी माणसं गेली का. ५०पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत तिघं पुरेत. मोठ्या कंपनीत ५ टक्के किंवा ५० माणसं, यातला जो आकडा लहान तो. यात एक बारीक पण अतिशय मोलाची गोष्ट आहे. नोकरी प्रत्यक्ष गेलेली असायला हवी असं नाही, ती जाण्याचा धोका असला तरी पुरतं. काकांना पत्र मिळालं मे महिन्यात. केटी चालू असताना, बॅज गळ्यात असताना, जूनमध्येच अर्ज करता आला असता.

मग बघतात, कारण व्यापार आहे का. सेवेच्या बाबतीत याच्या तीन वाटा होत्या. एक म्हणजे आयात वाढली, म्हणजे तुमच्या कंपनीची गिऱ्हाइकं तीच सेवा परदेशातून घ्यायला लागली आणि तुमचा धंदा घटला. इथे 'महत्त्वाचं कारण' असं मोजमाप आहे, आणि कायद्यानं त्याची व्याख्याही दिली आहे: कारण महत्त्वाचं हवं, पण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठं असलंच पाहिजे असं नाही. हे कामगारांच्या बाजूचं आहे. पण सेवांची आयात सिद्ध करणं अवघड. बूट बंदरात उतरतात, त्यांची नोंद होते. पगारपत्रकाची फाइल समुद्राखालच्या केबलमधून येते, तिची नोंद कुठल्याच बंदरात नाही. मग खातं गिऱ्हाइकांनाच प्रश्नावली पाठवून विचारतं.

दुसरी वाट म्हणजे कंपनीनं काम परदेशात हलवलं, किंवा तेच काम परदेशातून विकत घेतलं. सेवाक्षेत्रातल्या माणसासाठी खरी वाट हीच. कंपनीनं स्वतःचं ऑफिस मनिलात काढलं किंवा पुण्यातल्या एखाद्या व्हेंडरला कंत्राट दिलं, दोन्ही चालतं. सिद्ध करायचा भार तुमच्या एकट्यावर नाही. तुम्ही अर्जात एवढंच सांगायचं की काम अमुक देशात, अमुक ठिकाणी गेल्याचं आम्हाला दिसतंय. पुढे खातं कंपनीकडून गोपनीय माहिती मागवतं, आणि कंपनीनं टाळाटाळ केली तर समन्स काढायचाही अधिकार त्याला आहे. त्या बाईंच्या कागदावरचं 'पुणे' हे त्यासाठी होतं.

तिसरी वाट आडून येते. तुमची कंपनी एखाद्या आधीच मंजूर झालेल्या कंपनीला माल किंवा सेवा पुरवत होती आणि ते गिऱ्हाईक गेल्यामुळे तुमच्या नोकऱ्या गेल्या, तर तुम्हीही पात्र.

इथे आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. काही ठिकाणी जुन्या माणसांना काढून त्याच ऑफिसात, त्याच खुर्च्यांवर व्हिसावर आलेली माणसं बसवली गेली. त्याबद्दल राग होता, चर्चा झाली. पण टीएए विचारते ते एवढंच: काम देशाबाहेर गेलं का? ते कोण करतंय, हा तिचा प्रश्न नाही. काम न्यू जर्सीतच राहिलं तर फक्त माणूस बदलण्यानं ही वाट उघडत नाही.

आणखी दोन गोष्टी आयटीवाल्यांसाठी. कंत्राटदारामार्फत, म्हणजे एखाद्या कन्सल्टन्सीच्या पगारावर राहून दुसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात काम करणारे आपल्यात ढीगभर. त्यांना वाटतं, आपण त्या कंपनीचे नाहीच, मग आपलं काय. पण काम त्या कंपनीच्या देखरेखीखाली चालत असेल तर मंजुरीत अशा माणसांनाही घेता येत होतं, आणि मंजुरीपत्रांत कन्सल्टन्सीचं नाव घालून तसं घेतलंही जायचं. घरून काम करणाऱ्यांचंही तेच. ज्या ऑफिसला ते जोडलेले, त्याच्या मंजुरीत त्यांचा समावेश करता येई. पण नाव नसेल तर ते घालून घ्यावं लागे, आपोआप काही होत नसे.

व्हिसाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. टीएएला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डवाल्याला ती मिळू शकते. पण काम करायची परवानगी लागते. एच-वन-बीवाल्याची परवानगी त्याच्या मालकाशी बांधलेली, आणि नोकरी गेल्यावर हातात ६० दिवस. बेकारी भत्त्यासाठी 'कुठलंही काम घ्यायला मोकळा' असावं लागतं, तिथेच तो बहुतेकदा अडतो. मग टीएएचा भत्ता लांबच राहिला, कारण तो बेकारी भत्ता संपल्यावर सुरू होतो. वर्षानुवर्षं कर भरलेल्या माणसाला हे ऐकवताना जीभ जड होते.

गट मंजूर झाला की पहिलं कुलूप उघडलं. ती मंजुरी अर्जाच्या तारखेच्या एक वर्ष मागपासून ते मंजुरीनंतर दोन वर्षांपर्यंत नोकरी गेलेल्यांना लागू होते. मग दुसरं कुलूप, म्हणजे तुम्ही स्वतः. हे काम राज्याच्या रोजगार खात्यात चालतं. नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत निदान २६ आठवडे तिथे काम केलेलं हवं, आठवड्याला किमान ३० डॉलर पगारावर. तो ३० डॉलरचा आकडा जुन्या काळापासून तसाच राहिलाय, त्यात कुणी अडत नाही. अडतात ते मुदतीत. भत्ता हवा असेल तर मंजुरी किंवा नोकरी जाणं, यातलं जे नंतर असेल त्यापासून २६ आठवड्यांच्या आत प्रशिक्षणात नाव घालायचं किंवा लेखी सूट घ्यायची. जुन्या नियमांत ही मुदत ८ आणि १६ आठवडे अशी आखूड होती, आणि कितीतरी माणसं निव्वळ तिथे गळायची.

मिळतं काय, ते थोडक्यात. मान्य झालेल्या प्रशिक्षणाची फी सरकार भरतं. बेकारी भत्ता संपल्यावर साधारण तेवढाच साप्ताहिक भत्ता चालू राहतो. २०११ आणि २०१५च्या नियमांत बेकारी भत्ता धरून सगळं मिळून जास्तीत जास्त १३० आठवडे, म्हणजे अडीच वर्षं. दुसऱ्या गावी नोकरी शोधायला जायचं तर प्रवासखर्चाचा काही भाग. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक सोय होती. कमी पगाराची नवीन नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षं मिळायचा, एकूण १०,००० डॉलरपर्यंत, एक अट अशी की नवा पगार वर्षाला ५०,०००च्या आत असावा. ५७व्या वर्षी दुसऱ्यांदा कॉलेजात जाणं सगळ्यांना झेपत नाही. काकांना सगळ्यांत उपयोगी ही शेवटचीच सोय पडली असती.

पडली असती, असं म्हणावं लागतं ते तारखांमुळे. २००९मध्ये उघडलेलं दार कायमचं नव्हतं. १२ फेब्रुवारी २०११ला ते मिटलं आणि २००२चे नियम परत आले, म्हणजे सेवा बाहेर. त्याच ऑक्टोबरात कोरिया, कोलंबिया आणि पनामाशी व्यापार करार मंजूर करून घेताना ओबामांनी टीएएही मंजूर करून घेतली आणि सेवा पुन्हा आत. २०१३ संपलं तशी पुन्हा बाहेर. जून २०१५मध्ये पुन्हा आत. त्या महिन्यात तर अजबच घडलं. ज्या डेमोक्रॅटांनी टीएए वर्षानुवर्षं जपली, त्यांच्यातल्याच बहुतेकांनी प्रतिनिधीगृहात तिच्या विरोधात मत दिलं, कारण ती व्यापार करार झटपट मंजूर करण्याच्या अधिकाराच्या जोडीनं येत होती आणि त्यांना तो अधिकार अडवायचा होता. अखेर दोन्ही मंजूर झाले. बेकार माणसाचा भत्ता हा बहुतेक वेळा कुठल्या तरी करारासाठी दिलेला मोबदला म्हणूनच आला. स्वतःच्या पायावर तो कधी उभा राहिला नाही, आणि मला वाटतं त्याचा घात त्यातच झाला.

२०१५च्या कायद्याची मुदत ३० जून २०२१. १ जुलैपासून सेवा पुन्हा बाहेर. काकांच्या ऑफिसातल्या तिघांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यातही फॉर्म भरून पाठवला असता तरी तो २०१५च्या नियमांनी तपासला गेला असता. कुठला नियम लागणार हे अर्जाच्या तारखेवर ठरतं, नोकरी कधी गेली त्यावर नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या पोरांना एक्सेल शिकवत होतो तेव्हा हे दार उघडं होतं."

वर्षभरानं उरलेलंही बंद झालं. १ जुलै २०२२पासून खातं नवीन अर्ज घेत नाही आणि मंजुरीही देत नाही. कारखान्यातला माणूस आणि पेरोलवाला, दोघंही आता सारखेच बाहेर. त्याआधी मंजूर झालेल्या गटांतली, आणि नोकरीही तोवर गेलेली माणसं मात्र त्यानंतरही आपले हक्क मागू शकत होती. टीएए परत आणायची तरतूद २०२२च्या सुरुवातीला प्रतिनिधीगृहानं एका मोठ्या विधेयकात घातली होती. पण ऑगस्टमध्ये संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यांसाठीचा जो कायदा प्रत्यक्षात झाला, त्यात ती नव्हती.

मग आज नोकरी गेली तर काय? बेकारी भत्ता आहे, तो पहिल्याच आठवड्यात मागायचा. सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनीनं दिलेले पैसे, संपेपर्यंत थांबू असं स्वतःच ठरवू नका. राज्याच्या खात्याला विचारा, कारण नियम राज्याराज्यांत वेगळे. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं मोठी कपात करायची तर १९८८च्या वॉर्न कायद्यानं ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते. आणि अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन 'डिसलोकेटेड वर्कर' म्हणून नाव नोंदवायचं. २०१४च्या रोजगार कायद्याखाली तिथेही प्रशिक्षणाचे पैसे मिळू शकतात. तिथे काम परदेशी गेलं की मशीननं खाल्लं, असं कुणी विचारत नाही. वस्तू की सेवा हेही नाही. पण टीएएसारखा हक्क तिथे नाही. निधी असेल तर मिळतं, आणि अडीच वर्षांचा भत्ता तर नाहीच.

पुण्यातल्या वाचकांना वाटेल, हे आमच्या काय कामाचं. तेच काम आता हिंजवडीतून आणखी कुठे निघालंय हे तुम्ही रोज बघता. आपल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी मालकानं १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची तरतूद आहे. अडीच वर्षांच्या शेजारी हे १५ दिवस ठेवून बघा. आणि तिथेही पहिला प्रश्न असतो, तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले 'कामगार' आहात का?

काकांचं पुढे असं झालं. त्यांनी जॉब सेंटरमधून टॅक्सचा एक कोर्स केला आणि आता एका छोट्या अकाउंटंटकडे काम करतात, पगार आधीच्या निम्म्यानं. फरकाचा निम्मा भाग त्यांना कुणी देत नाही.

तरी मी त्यांना एक फाइल करायला लावली. कारण २०११मध्ये आणि २०१५मध्ये टीएए परत आली तेव्हा मधल्या काळात नाकारलेले अर्ज खात्यानं नव्या नियमांनी पुन्हा तपासले होते. तसं पुन्हा होईल असं मी म्हणत नाही, पण झालंच तर कागद लागतील. फाइलीत मे महिन्याचं पत्र आहे, शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद आहे, बेकारी भत्त्याचा निर्णय आहे. कंपनीच्या आतल्या ईमेल नाहीत, त्या घरी आणायच्या नसतात. सगळ्यांत वर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं एक पान आहे. पत्र कधी मिळालं, केटी कधी सुरू झाली, कधी संपली, विभागातली किती माणसं गेली. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, एम, ए, एन, आय, एल, ए.